न घेतलेली तक्रार

३ डिसेंबर, गुरुवार

पोलिसांनी तक्रार घेतलीच नाही! बायको ऑगस्टपासून बेपत्ता, आणि ठाण्यातला माणूस म्हणतो – "सज्ञान बाई आहे, स्वतःच्या पायांनी गेली असेल. घरगुती मामल्यात आम्ही पडत नाही." त्सुकुदा सर आज आमच्या खाजगी डिटेक्टिव्ह ऑफिसात हे सांगत होते. शाळेत संगीत शिकवतात. टोपी गुडघ्यावर ठेवली होती आणि बोलताना तिची कड सारखी सरळ करत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "जिवंत आहे का, तेवढं कळू दे."

ठाण्यात त्यांना उभ्याउभ्याच वाटेला लावलं म्हणे. आम्ही निदान चहा तरी दिला.

कुरामोची साहेबांनी नेहमीचा कागद पुढे सरकवला – मिळालेली माहिती बेकायदा कामासाठी वापरणार नाही, खाली सही. सरांनी तो अख्खा वाचला आणि मगच सही केली. असं करणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं. केस मला मिळाली. मिसाओ त्सुकुदा, वय छत्तीस. माझी पहिली, एकटीची केस!

४ डिसेंबर

सरकारी पगार, सरकारी टोपी, आणि काम सांगितलं की सरकारी जांभई.

८ डिसेंबर, मंगळवार

बाबा आज जेवताना पुन्हा सुरू झाले. ते भिंतींना गिलावा करतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या नोकरीवर बोलायचा हक्क सगळ्या नातेवाइकांना आहे. "चार वर्षं कायदा शिकलीस, आणि आता परक्यांच्या नवऱ्यांमागे सायकल पळवतेस. पोलिसांत गेली असतीस तर टोपी तरी मिळाली असती." आई म्हणाली, "टोपीनं केस चपटे होतात हो तिचे."

त्यांना काय सांगू? पोलीस येतात ते सगळं संपल्यावर, दोरी बांधायला आणि फोटो काढायला. त्यांना आधी गुन्हा लागतो. आम्हाला फक्त माणूस हरवलेलं पुरतं. मुलाखतीत मी हेच म्हणाले होते तेव्हा साहेब हसत सुटले होते. स्वतः तीस वर्षं पोलिसात काढली आहेत, त्यामुळे लाज वगैरे काही उरलेली नाही. दुपारी घोड्यांच्या शर्यतीचा पेपर तोंडावर घेऊन झोपतात. आज उठले आणि म्हणाले, "वकीलबाई, फरक एवढाच. तिकडे बिल्ला दाखवला की लोक खोटं बोलायचे. इकडे आपण खोटं बोललो की लोक खरं बोलतात."

एवढी वर्षं राबून ही अक्कल मिळवली!

ऑफिसातल्या नागाएताई त्यांच्या परीने बऱ्या. सायकलच्या टोपलीत लांब पातीचा कांदा खोचून निघतात आणि कोबेभर कुणाचाही पाठलाग करतात. "कांदा दिसला की बाईकडे कोणी बघत नाही, चिगुसा." पण त्यांच्यासाठीही हे नुसतं काम. कोण हरवलं, का हरवलं, काही पडलेलं नाही. "सापडलं की सांगायचं, आणि घरी जाऊन त्याच कांद्याचं सूप करायचं."

१४ डिसेंबर, सोमवार

काहीच हाती नाही. मिसाओताईंचा फोन बंद, नोकरीच्या जुन्या जागी कुणाला माहीत नाही. बहिणीकडे गेले तर तिनं माझं कार्ड वाचलं आणि दार तोंडावर आपटलं. सख्खी बहीण! काळजी म्हणून नाही.

त्सुकुदा सर संत्री घेऊन आले. निघताना नवीन वर्षाच्या सूपवरून विषय निघाला. ताई मूळच्या मारुगामेच्या. तिकडे पांढऱ्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपमध्ये मोची सोडतात – तांदळाचा चिकट गोळा, आत गोड सारण. सरांनी तोंड वाकडं केलं – "खारट सूपमध्ये गोड गोळा! माझ्या घशाखाली कधी उतरला नाही. पण तिचं त्याशिवाय वर्ष उजाडत नाही. गावच्या एकाच म्हाताऱ्याकडून मागवायची. त्याच्याकडचाच हवा."

ठाण्यातल्या जांभईवाल्यानं हे लिहूनसुद्धा घेतलं नसतं.

१७ डिसेंबर, गुरुवार

सापडल्या! सापडल्या! सापडल्या!

मारुगामेतल्या मिठाईवाल्यांना फोन लावत गेले. प्रत्येक ठिकाणी मी मिसाओताईंची मावसबहीण. एक म्हातारबाबा लगेच म्हणाले, "अगं, तिचा डबा कालच बांधला की! मिळाला नाही का?" मी म्हटलं, "काका, पत्ता चुकला असेल, जरा वाचून दाखवता?" आणि त्यांनी दाखवला! योनागो, स्टेशनमागची लाँड्री, वरचा मजला. वर म्हणाले, "तिला सांग पोरी, यंदा सारण जरा जास्त भरलंय. फार वाळली होती मागच्या खेपेला."

पोलीस बिल्ला घेऊन दारात गेला असता तर या म्हाताऱ्यानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं. आधी परवानगीचा कागद आण, मग साहेबांची सही आण – तोवर वर्ष संपलं असतं.

नियम असा की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला काही सांगायचं नाही. पण नियम कुणासाठी असतात? तो माणूस रिकाम्या घरात बसलाय. मी बाहेर जाऊन सरांना फोन केला. "जिवंत आहेत. योनागोत आहेत." ते म्हणाले, "योनागोत कुठे?" मी म्हटलं, "परवा पाहून येते, मग सगळं सांगते."

साहेबांना यातलं बोलले नाही. त्यांना माणसांच्या मनाचं काय कळतं!

१९ डिसेंबर, शनिवार. योनागो

बर्फ. पायमोजे ओले. लाँड्रीसमोरच्या बसथांब्यावर उभी राहिले. काचेतून इस्त्री करणारी बाई दिसली. त्याच. फोटोपेक्षा खूप बारीक. इस्त्री डाव्या हातात, आणि दार वाजलं की प्रत्येक वेळी टेबलाच्या मागे सरकायच्या. टेबल मध्ये आलं की मग वर बघायच्या. मी फोटो काढला.

तेवढ्यात सायकलवरून एक पोलीस. कोवळं पोर, थंडीनं कान लाल, टोपी डोक्याला मोठी. "बाई, चार बस गेल्या. तुम्ही कुठल्या बसची वाट बघताय?" मी कार्ड दाखवलं. म्हटलं, आमचं काम परवान्याचं आहे, गिऱ्हाइकाचं नाव सांगणार नाही, आणि तुम्ही लोक करत नाही तेच काम मी करतेय. वाटलं वरमेल. त्यानं कार्ड दोन्ही हातांनी धरून वाचलं, लाँड्रीकडे पाहिलं, आणि एकदम आवाज खाली आणला.

"तुमच्या गिऱ्हाइकानं पोलिसांत तक्रार दिली होती?"

"तुम्ही घेतली नाही!"

"का घेतली नाही, ते विचारलंत कधी?"

"आळस! दुसरं काय!"

"काही माणसं आधीच येऊन आम्हाला सांगून ठेवतात. मला शोधायला कोणी आलं तर त्याची तक्रार घेऊ नका म्हणून. ही बाई त्यातली आहे असं मी म्हणत नाही. मी कुणाचंच नाव घेत नाही." त्यानं कार्ड परत दिलं. "पण तुम्ही विचारायला हवं होतं."

कायद्याची पदवी माझी. हा नियम मी शिकले आहे. परीक्षेत लिहिलाही आहे.

हॉटेलात बसून लिहितेय. सरांचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

२० डिसेंबर, रविवार

सकाळी लाँड्रीत गेले. मालकीणबाई दुकान झाडत होत्या. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली. मी कोण, कशी आले, सगळं सांगितलं. मावसबहिणीचं खोटंसुद्धा.

"मोचीवरून?" म्हणाल्या. हसल्यासारखं केलं. "फोन टाकला, नाव टाकलं, बहिणीशी बोलणं टाकलं. म्हटलं एक डबा मागवला तर काय होतंय."

मी विचारलं, "त्यांनी मारलं का तुम्हाला?" – किती मूर्ख प्रश्न! त्यांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटं मिटत नाहीत. "हे एकदाच झालं. रोजचं वेगळं होतं. घरातली सगळी सरकती दारं त्यानं काढून ठेवली होती. न्हाणीघराचंसुद्धा. मी कुठे आहे ते त्याला बसल्या जागेवरून दिसायला हवं. ओरडायचा नाही कधी. पेटी वाजवत बसायचा."

मी म्हटलं, "त्याला गावाचं नाव माहीत आहे. मी सांगितलं."

ताईंनी इस्त्रीची वायर काढली, ती नीट गुंडाळली, आणि म्हणाल्या, "चौकीपर्यंत चल माझ्याबरोबर. रस्त्यावर एकटी नको."

चौकीत कालचंच पोर. मला वाटलं आता चढून बोलेल. त्यानं शेगडीजवळची खुर्ची ताईंना दिली आणि फोन फिरवायला घेतला. मला खुर्ची नाही. ताईंची दुसऱ्या गावी सोय लागली. बोलता बोलता त्याच्या तोंडून गावाचं नाव निघालं, मग माझ्याकडे पाहून जीभ चावली. गबाळा कुठला! ते नाव मी इथेही लिहीत नाही.

दुपारी साध्या गाडीतून ताई गेल्या. लाँड्रीच्या बाईनं मोचीचा डबा खिडकीतून आत दिला.

संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर गेले, तर त्सुकुदा समोर. डोक्यावर तीच टोपी. "बाई, राहवलं नाही, आलोच." मी म्हटलं, "पत्ता जुना निघाला. इथे कोणी नाही." त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "असं? मग तुम्ही दोन दिवस इथे काय करत होतात?" आणि हसला. मी पहिल्या गाडीत चढले. ती कुठे जाते तेही न बघता.

२२ डिसेंबर, मंगळवार

साहेबांनी झापलं. पाहण्याआधी गिऱ्हाइकाला बोललीस म्हणून. फक्त तेवढ्यासाठी!

मी विचारलं, "त्यांची तक्रार का घेतली नव्हती, ते तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं नोकरी केलीय, पोरी. तो टोपी काढून बसला तेव्हाच माहीत होतं."

"मग केस का घेतलीत?"

"पोलिसांनी घेतली नाही म्हणून तर आपल्याकडे आली! तिथे घेतली असती तर आपल्याला कोण विचारतं? आणि सही आहे ना त्याची कागदावर? त्यानं पुढे काही केलं तर ते त्याच्या माथी." पेपर तोंडावर ओढला. पेपराखालून म्हणाले, "आपण नाही म्हटलं की तो समोरच्या जिन्यानं दुसऱ्या ऑफिसात जातो. तिथे कागदसुद्धा वाचायला देत नाहीत."

नागाएताई कांद्याची पात निवडत होत्या. मान वर केली नाही.

या खोलीत बसून मी पोलिसांना नावं ठेवत होते. आणि पहिल्या दिवशी त्याला चहा मीच करून दिला होता. साखर विचारून.

राजीनामा लिहिला. पिशवीत आहे.

२४ डिसेंबर, गुरुवार

त्सुकुदा आला. नाताळचा केक घेऊन, वर स्ट्रॉबेरी. पुन्हा शोधायचं आहे. साहेबांनी कागद सरकवला, त्यानं या वेळी न वाचता सही केली. नागाएताई म्हणाल्या, "मला द्या, आठवड्यात काढते." खरंच काढतील.

मी उठले. म्हटलं, केस माझी आहे, मीच शोधणार. साहेब खूश – "वकीलबाईंना अक्कल आली!" तो कमरेतून वाकला. मी त्याहून खाली वाकले.

राजीनामा फाडला. सोमवारी पार उत्तरेला, हाकोदातेला निघते. ताई तिथे नाहीत. मग तिथून एकेक गाव, सावकाश, अगदी मन लावून.