बिनपक्षाचा रकाना

प्रिय डेलबर्ट भावजी,

तुमचा गुडघा आणि तुमचा कुत्रा, दोघांचीही कुरकुर कमी झाली असेल अशी आशा आहे. मी बरी आहे. लॉईड गेल्याला दुसरा हिवाळा सरत आला. अजून कॉफी दोघांची टाकते आणि दोघांची पिते, म्हणून झोप कमी.

मी महापौराच्या निवडणुकीच्या भानगडीत पडले आहे. (हसा. लॉईडही हसला असता.) मी प्रचार करते व्हर्ना कोस्कीचा. ती आली तर आमच्या रस्त्यावरचं वाचनालय वाचेल. समोरचा उमेदवार ते विकायला निघालाय. शाळा आठवीत सुटली माझी. पुढचं सगळं शिक्षण याच वाचनालयात झालं, आणि लॉईडला शेवटी मी वाचून दाखवायचे तीही पुस्तकं इथलीच. म्हणून तर तो गेल्यावर मुद्दाम वाचनालयासमोरचं घर घेतलं.

या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्ष छापत नाहीत, त्यामुळे लोक कावरेबावरे होतात. म्हाताऱ्या हल्वरसननी दार किलकिलं करून विचारलं, “ही बाई कुठल्या पक्षाची?”

व्हर्ना म्हणाली, “आजोबा, तुमच्या दारातला बर्फ कुठल्या पक्षाचा?”

“कुणाचा का असेना, काढला कुठे कुणी!”

झालं! तिने त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि वाट मोकळी केली. (मी पत्रकं धरून उभी, जशी काही मुकादम.) तेवढ्यात शेजारीण ओरडली, “अगं ए, मलाही पक्ष विचारायचाय!” शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांच्या जेवणाला, दारोदार बर्फ उपसून व्हर्नाचे हात वर होईनात, तेव्हा विरोधी उमेदवारानेच तिचं ताट आणून दिलं. तिने आभार मानले आणि वर लिंबूही त्याच्याकडूनच पिळून घेतलं. अशी बाई मी पाहिली नाही.

तुमची वहिनी,
अर्लीन

ता. क. – काल मतदान कुठे करायचं ते विचारायला नगर कार्यालयात गेले. शहराची हद्द आमच्या रस्त्याच्या मधोमध जाते म्हणे. वाचनालय शहरात, मी बाहेर! पत्त्यात शहराचं नाव येतं, म्हणून मी निर्धास्त होते. सगळ्या गावाला मत मागत फिरले, आणि मलाच मत नाही.

पुन्हा ता. क. – तुम्ही मात्र शहरात राहता. पक्ष लिहिलेला नसेल तिथे तुम्ही पेन टेकवत नाही आणि महापौराचा रकाना दर वेळी कोरा सोडता, हे मला ठाऊक आहे. मंगळवारी मतदान आहे, सकाळी गाडी घेऊन दारात येते. पक्ष हवाच असेल, तर लॉईडचा समजा.