गुळगुळीत कागदावरची पिल्लं

अहो,

माझं रोजचं सकाळचं मौन चालू आहे म्हणून गप्प बसले. गप्प बसले म्हणजे पटलं असं समजू नका. काल अंड्यातून निघालेल्या कोंबडीच्या त्या दोन पिल्लांचे पाय फाकले, ते तुमच्यामुळे. खोक्यात गोणपाट घाला म्हणून चारदा सांगितलं होतं, तुम्ही गुळगुळीत कागद अंथरलात. त्यावर माणूससुद्धा फतकल मारेल! आणि वर मलाच म्हणता, "लंगडी ठेवून काय करायचंय? मान मुरगळून टाक."

कुणाची मान मुरगळायची नाही. दोघांचेही पाय मी कापडाच्या पट्टीने सैलसर बांधलेत, चार दिवसांत उभी राहतील. तासातासाने त्यांच्या चोचीला पाणी लावा. मी गुरांच्या डॉक्टरांकडून त्यांचं औषध घेऊन येते.

पण माझा राग पिल्लांपुरता नाही. तुम्ही ते बोललात तेव्हा आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पडल्यापासून तुमच्या आईंना पाय टेकवत नाही, हे विसरलात? त्यांनी चहाचा भरला कप तसाच माझ्या हातात परत दिला.

आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. मी बारापर्यंत येईन, आणि तेव्हा माझं मौन सुटलेलं असेल.