विर्योकाकांचा गुनुंगन
सरे, रविवार संध्याकाळ, नोव्हेंबर

आमचे घरमालक विर्योकाका उद्या केअर होममध्ये जाणार. जावा बेटावर ते चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करायचे. स्ट्रोकपासून उजवा हात उचलत नाही. आज बेसमेंटमधून मला वर बोलावलं आणि गुनुंगन हातात दिला. चामड्यात कोरलेला पानाच्या आकाराचा डोंगर, त्यावर एक झाड. तो कलता असला की गोष्ट चालू. शेवटी मधोमध सरळ रोवला की खेळ संपला.

“दिव्यासमोर धर,” म्हणाले. मी मुद्दाम कलता धरला. का? त्यांना बरं वाटावं म्हणून, की मलाच? भिंतीवरच्या त्या कलत्या सावलीकडे ते बराच वेळ बघत राहिले.

“स्ट्रेट, प्लीज.”

केला सरळ. मग डाव्या हाताने त्यांनी माझी पाठ थोपटली, जणू उद्या मीच जाणार होते.