जनावरांच्या दवाखान्यात नेता घडतो

सोमवार, ५ जानेवारी

आजपासून रोजनिशी. नेत्यानं रोज आत्मपरीक्षण करावं, असं प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत लिहिलंय. केलं. दोष सापडला नाही. उद्या पुन्हा पाहीन.

परिस्थिती अशी. ऑक्टोबरात मी गालिच्यांचं दुकान सोडून या दवाखान्याचा व्यवस्थापक झालो. दोन डॉक्टर सोडून गेले. एक मी यायच्या आधी, एक मी आल्यावर. म्हणजे बरोबरी. उरली एकटी आयोआना. रुमानियाची. हाताला यश आहे, जिभेला काम कमी. मुख्य नर्स ब्रॉनवेन, वेल्सच्या हद्दीवरची. आणि स्वागताच्या टेबलाशी बेरिल, जी पाद्रीबाबांपासून बैलांच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना ‘बाळा’ म्हणते. मला मात्र ‘साहेब’. इतक्या थोड्या काळात एवढा आदर सगळ्यांनाच जमत नाही.

आमच्या दवाखान्यांच्या साखळीच्या मुख्य कार्यालयातून फेनेलाबाईंचा फोन. आयोआनाही गेली तर नवीन डॉक्टर मिळायचा नाही, आपला दवाखाना बंद करावा लागेल, आणि इथल्या लोकांना आजारी कुत्रं मांडीवर घेऊन दूरचं श्रूजबरी गाठावं लागेल. म्हणून मला दर गुरुवारी नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला धाडताहेत. काम एकच: आयोआना टिकली पाहिजे.

मी म्हटलं, टिकली समजा.

गुरुवार, ८ जानेवारी

प्रशिक्षण, टेलफर्डच्या हॉटेलात. गुरू जाइल्स. यापूर्वी त्यानं विमान कंपनी आणि पावभट्ट्यांची साखळी घडवली. म्हणाला, कुठलाही धंदा असो, शेवटी सगळी माणसं असतात. लडलोच्या दवाखान्यातल्या एका बाईनं विचारलं, आमच्याकडे जनावरं असतात, त्यांचं काय? तो म्हणाला, तीही शेवटी माणसंच. सर्वांनी लिहून घेतलं.

आजचा धडा: मनापासून ऐकणं. समोरच्याचं वाक्य परत म्हणायचं आणि त्यामागची भावना ओळखून सांगायची. मग गप्प बसायचं. मौनात फार शक्ती असते.

बिस्किटं उत्तम.

शुक्रवार, ९ जानेवारी

प्रयोगाला प्रारंभ. ब्रॉनवेन म्हणाली, अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र गळतंय. मी म्हटलं, म्हणजे यंत्र गळतंय म्हणून तुला आतून हताश वाटतंय. ती म्हणाली, नाही, म्हणून खाली पाणी झालंय, आणि तुम्ही त्यात उभे आहात.

बूट वाळत घातलेत.

दुपारी आयोआना आली. तिची रात्रपाळी होती. पहाटे कुठल्या तरी गोठ्यात अडलेल्या गाईचं बाळंतपण करून थेट इथं, आणि सकाळपासून टेबलावर मांजरं. म्हणाली, मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. रात्रपाळीनंतरची सकाळ मोकळी द्या. हातात सुरी असते आणि डोळे मिटतात. मी म्हटलं, म्हणजे तुझे डोळे मिटतात. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, मन मोकळं केलंस, आभारी आहे. आणि गप्प बसलो. तीही गप्प. बराच वेळ. शेवटी ती उठून गेली.

मौनाची शक्ती पाहून थक्क झालो.

(पाळ्यांचा तक्ता: किरकोळ बाब. सवडीनं पाहू. आधी मनं जिंकायची.)

मंगळवार, १३ जानेवारी

सकाळची उभी सभा सुरू केली. साडेआठला सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं कृतज्ञता वाटणारी एक गोष्ट सांगायची. साडेआठलाच लोक शस्त्रक्रियेची जनावरं आणून सोडतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ब्रॉनवेननं काल सांगितलं होतं, पण तेव्हा मी भावना ओळखत होतो.

बेरिलला फोन वाजल्याबद्दल कृतज्ञता वाटली, आणि ती तो घ्यायला गेली. आयोआनाला कॉफीबद्दल.

कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी मी फळांची मोठी टोपली ठेवली होती, बाकावर, सर्वांच्या हाताशी. ती एका लॅब्रॅडॉरच्या तोंडाशीही आली. नखं कापायला आला होता. द्राक्षांचा घड देठासकट गिळला. द्राक्षं कुत्र्यांना विषासारखी असतात, हे गालिच्यांच्या धंद्यात कळत नाही. आयोआनानं त्याला ओकवलं. कुठं ओकवलं ते लिहीत नाही. माझी खोली जवळ होती.

कुत्रा ठणठणीत. सभा यशस्वी.

गुरुवार, १५ जानेवारी

प्रशिक्षण. मधल्या सुट्टीत दवाखान्यात फोन केला. बेरिल म्हणाली, सगळं सुरळीत आहे साहेब, तुम्ही मुळीच घाई करू नका, रस्त्यात धुकं आहे, जेवूनच या. मागून हसण्याचा आवाज येत होता. आयोआनाचासुद्धा. तिला हसता येतं हे नव्यानं कळलं.

बुधवारपर्यंत पेरलेलं गुरुवारी उगवतं. जाइल्सला सांगितलं. त्यानं वर्गाला सांगितलं.

मंगळवार, २० जानेवारी

एक संघ, एक मग. स्वयंपाकखोलीत चहाचे जुने मग होते, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कुणाचा कान तुटका, कुणावर मेंढी, एकावर बाराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. सगळे उचलून जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानात देऊन आलो. त्यांच्या जागी एकसारखे करडे, वर ‘एकत्र पुढे’.

या देशात माणूस खुर्ची देतो, रांगेतली जागा देतो, प्रसंगी बायकोही सोडून देतो, पण चहाचा मग? बेरिल कोट न घालता पावसात धावत गेली आणि स्वतःचा मग विकत घेऊन आली. येऊन माझ्यापुढे त्यात चहा प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत, नजर न हलवता. आयोआनाचा कानतुटका मात्र विकला गेला होता. पहिल्या हिवाळ्यात कुणा मेंढपाळानं दिलेला, म्हणे.

परिवर्तनाला सुरुवातीला विरोध होतोच. पुस्तिका, पान अठरा.

बुधवार, २८ जानेवारी

आयोआनानं पुन्हा पाळ्यांचं काढलं. तिला शांत श्वसनाच्या वर्गाची चिठ्ठी दिली. वर्ग सकाळी सातला. ती म्हणाली, सातला मी रात्रपाळीहून परतत असते. मी म्हटलं, मग वाटेतच पडेल.

तिनं चिठ्ठीची बारीक घडी केली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल आता हलत नाही. अडचणीतून मार्ग काढण्याची वृत्ती. वाखाणण्याजोगी.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

जाइल्सची सूचना: यश साजरं करा. पितळी घंटा आणली, स्वागताच्या टेबलामागे भिंतीत बसवली. चांगली बातमी आली की वाजवायची. तिथंच ‘आपली मूल्यं’ हा फलकही लावला. जागा करण्यासाठी टेबलावरची मेणबत्ती फलकामागे सरकवली. ती इथली जुनी रीत: आत कुणी आपल्या जनावराला शेवटचा निरोप देत असेल तर मेणबत्ती लावतात, आणि बाहेर सगळे हळू बोलतात.

चांगली रीत आहे. फलकामागे अधिकच शोभते.

बुधवार, ४ फेब्रुवारी

मुख्य कार्यालयाचा ईमेल. आयोआनाला टिकवण्यासाठी मी केलेल्या उपायांचा आराखडा विभागात आदर्श म्हणून निवडला गेला! धावत बाहेर आलो आणि घंटा वाजवली. तीनदा. आणि एकदा हात वर करून ओरडलो.

बेरिलनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आनंदानं.

मेणबत्ती लावलेली होती. फलकामागे. इकडून दिसत नव्हती, यात माझा काय दोष.

आत टेड प्रोबर्ट होता, टेकडीवरचा म्हातारा, त्याच्या कुत्रीला घेऊन. मॉस तिचं नाव. आयुष्यभर त्याची मेंढरं राखली तिनं. ब्रॉनवेननं नंतर सांगितलं, तो जमिनीवर बसला होता, तिचं डोकं मांडीवर, आणि तिच्या कानात काहीतरी सांगत होता. घंटा वाजली तशी ती उठायला गेली. कामाला बोलावलं असं वाटलं असेल तिला.

मग तो बाहेर आला, टोपी हातात. माझ्यासमोर थांबला. चांगली बातमी काय, म्हणून विचारलं. मी सांगितली. काय करणार, विचारलं ना त्यानं. तो म्हणाला, बरं झालं हो पोरा तुझं. आणि रिकामा पट्टा हाताला गुंडाळत गेला.

आयोआना स्क्रू पिळायचं हत्यार घेऊन आली, घंटा काढली, माझ्या मेजावर ठेवली.

जेवलो नाही. पोट ठीक नसावं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आयोआनाचा राजीनामा. महिनाअखेर जाणार.

प्रथम धक्का बसला. मग पुस्तिका पाहिली. ‘जाणं हीसुद्धा वाढच आहे.’ हे तिला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या तोंडून पहिल्यांदाच काही पटलं.

बेरिल आज ‘साहेब’ म्हणाली नाही. खिडकीतून पार्किंगकडे पाहत होती, आणि दवाखाना बंद झाल्यावर प्रोबर्टसारख्यांनी जायचं कुठं, असं कुणाला तरी विचारत होती. खोलीत तिच्याशिवाय मी एकटाच होतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

निर्धार. आयोआनाला थांबवायचंच. तिला नवीन पद देऊ केलं: ‘आनंददूत’. तिनं विचारलं, आनंददूताला सकाळी झोपता येतं का? मी म्हटलं, आनंददूत सर्वांच्या आधी येतो, दारात स्वागताला. ती म्हणाली, डेस्मंड, तुम्ही वाईट माणूस नाही आहात, हीच अडचण आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं.

स्तुती होती. तीन वेळा आठवून पाहिली, स्तुतीच होती.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

फेनेलाबाई स्वतः आल्या. दार लावून प्रत्येकाशी वेगळं बोलल्या. बेरिलचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. माझं नाव बरेचदा ऐकू आलं. आयोआनाशी सर्वांत जास्त वेळ. माझ्याशी अगदी थोडक्यात. जाणत्यांना फार सांगावं लागत नाही.

जाताना त्यांनी विचारलं, प्रशिक्षण आवडतं का तुम्हाला? मी म्हटलं, अतिशय. त्या म्हणाल्या, छान, छान, आणि दोन्ही हातांनी माझा हात दाबला.

सोमवार, १६ फेब्रुवारी

विजय! आयोआना थांबतेय. राजीनामा मागे. दवाखानाही राहतो.

फेनेलाबाईंनी फोनवर सांगितलं. तिच्या दोन अटी होत्या, दोन्ही मान्य केल्या. पहिली, रात्रपाळीनंतरची सकाळ मोकळी. (मी हेच म्हणत होतो.) दुसरी त्यांनी नीट सांगितली नाही, म्हणाल्या, ती तुमच्या उत्कर्षाशी निगडित आहे. मला लीड्सला नेतृत्वाच्या उच्च पदविकेसाठी पाठवताहेत. सोमवार ते गुरुवार, राहून. शुक्रवारी घरी चिंतन. संपूर्ण दवाखान्यातून एकट्या माझी निवड. तोवर किरकोळ गोष्टी ब्रॉनवेन पाहील: पाळ्या, रजा, पगार, खरेदी, तक्रारी, नेमणुका. मोठ्या गोष्टी माझ्याकडेच. मोठ्या म्हणजे कुठल्या, असं विचारलं. फेनेलाबाई म्हणाल्या, ठरल्या की कळवू.

सामान आवरलं. सगळे दारापर्यंत आले. बेरिलनं प्रवासाला डबा दिला, दोन दिवस पुरेल इतका. ब्रॉनवेननं गाडीची काच पुसून दिली. एवढं प्रेम मी या लोकांत निर्माण केलं, याची मला कल्पनाच नव्हती.

आयोआना शेवटी आली. झोप झालेली दिसत होती, चेहराच वेगळा. विचारलं, किती काळाचा अभ्यासक्रम? मी म्हटलं, दोन वर्षं. ती म्हणाली, दोनच? तिचा चेहरा उतरला. माझ्याशिवाय निभवायचं या काळजीनं, उघड आहे. मी धीर दिला. म्हटलं, पुढे वाटलं तर डॉक्टरेटही करता येते, आणखी चार-पाच वर्षं. तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. म्हणाली, करा, नक्की करा, अर्ध्यात सोडू नका.

गाडीत बसलो. त्या तिघी आत गेल्या आणि लगेच मोठ्यानं हसू ऐकू आलं. किल्ली फिरवायला थोडा वेळ लागला. काचा बंद होत्या, तरी ऐकू येत होतं.

थंडी फार आहे. डोळ्यांना पाणी येतं.