बंद दाराचा दाब

७८६
कुरखेडा, ता. २२ नोव्हेंबर १९९९

चि. दानिश यास सईदाभाभीचा दुवा.

तुझे भाई गेल्यापासून अम्मी तांदूळ निवडता निवडता मधेच थांबतात. मी इद्दतीत, घराबाहेर निघता येत नाई, म्हणून तुलेच तरास देते.

कारखान्यातले साहेब येऊन गेले. म्हणे वहाब मिस्त्रीनं विजेच्या चालू पॅनेलचं दार स्वतः उघडलं, म्हणून स्फोट झाला. घरच्या पंख्याले हात लावायच्या आधी मेन बंद करून दोनदा पाहणारा माणूस तो! शाळेत आपल्या अमरीनले कोणी म्हटलं, तुझे अब्बा आपल्याच चुकीनं मेले. पोरगी दप्तर टाकून बसली आहे. तू नागपूरले असेच पॅनेल तपासतो ना? दार कोणी उघडलं, हे समजू शकते काय? जे खरं असंल तेच लिही. अन् हॉटेलचं तिखट खाऊ नको, मागच्यासारखा पोट धरून बसशील.

भाभीले विसरू नको.
सईदा

७८६
नागपूर, ता. ८ डिसेंबर १९९९

आदरणीय भाभीस दानिशचा सलाम. वि. वि.

रजा टाकून चंद्रपूरला भाईंच्या कारखान्यात गेलो, ते पॅनेल पाहिलं. नुसतं लोखंड आहे असं मनाला बजावत होतो. जमलं नाही.

सोपं करून लिहितो. पॅनेलमध्ये मोठा शॉर्ट झाला की आगीचा लोळ उठतो, तांब्याची वाफ होते, आतली हवा क्षणात फुगते. करंट किती आणि माणूस किती दूर, यावरून धक्क्याच्या दाबाचा अंदाज काढता येतो. दार उघडं असतं, तर भाई मागे फेकले गेले असते, पण कानाचे पडदे फाटण्याइतका दाब तिथे येत नाही. डॉक्टरांच्या कागदात दोन्ही पडदे फाटल्याचं लिहिलं आहे. एवढा दाब बंद पेटीत कोंडून, दार तोडूनच बाहेर येतो. दाराचे बोल्टही ओढून तुटले आहेत.

आकडा अंदाजाचाच, पण तो कितीही इकडेतिकडे केला तरी उत्तर तेच येतं. दार बंद होतं, भाभी. भाई समोर उभे राहून फक्त मीटर वाचत होते. चौकशीच्या साहेबांपुढे हे मांडलं, त्यांना पटलं. भाईंची चूक आता कुठेही लिहिली जाणार नाही.

अमरीनला शाळेत पाठवा. मला आपलाच समजत राहा.
दानिश

७८६
कुरखेडा, ता. २० डिसेंबर १९९९

चि. दानिशले खूप खूप दुवा.

तुझं पत्र अमरीनले वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून शाळेत गेली. इफ्तारच्या वेळेले अम्मी तुझं नाव घेऊन दुवा मागतात. ईदले नक्की ये. हे पुढचं मात्र अम्मीले सांगू नको.

मी त्या कानाच्या ओळीवरच अडकली. दवाखान्यात तुझे भाई सांजपर्यंत होते. बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते. मी उशाशी बसून सारखी बोलत होती. म्हटलं, भामरागडचा संगम दाखवीन म्हणता म्हणता लग्नाले किती वर्षं झाली, आता बरे व्हा अन् न्या. म्हटलं, तुमच्याबिगर मले काईच येत नाई. ते माझ्या तोंडाकडेच पाहत. घडीघडी हात उचलून माझ्या तोंडापाशी आणत. मले वाटलं, चुप राह्य म्हणून राह्यले. मी तो हात धरून खाली ठेवत होती.

आता समजलं रे. त्यायले ऐकू येत नव्हतं, ते माझे ओठ शोधून राह्यले होते. अन् मी, रडणं त्यायले दिसू नये म्हणून, तोंडावर ओढणी धरून बसली होती.

माया राहू दे.
सईदा