दसऱ्याचे काडतूस

मी, कृष्णकांत विनायक टिपणीस, वय वर्षे बहात्तर, धंदा परवान्यावर बंदुका व काडतुसे विकण्याचा, राहणार बाजारपेठ, पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीचा भरवसा राहिलेला नाही, पण मृत्युपत्र छातीने लिहायचे नसते. समोर बसलेले डॉ. कमळाकर चौधरी यांनी तासापूर्वी मला तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. घाई मात्र आहे. माझा मुलगा उदयसिंह जमिनीच्या कामासाठी अलिबागला गेला आहे. तो दिवेलागणीला परत येईल, त्याआधी मला हे पुरे करायचे आहे.

घाईचे कारण असे. माझ्या स्वतःच्या बंदुकीसाठी ठेवलेल्या डब्यात पंचवीस काडतुसे होती. सोमवारी पाहिली तर चोवीस. उदयसिंहाला विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "पप्पा, वय झालं तुमचं, मोजताना चुकला असाल." पन्नास वर्षे मी काडतुसे विकली. मोजताना चुकणारा माणूस या धंद्यात पन्नास वर्षे बाहेर राहत नाही, आत असतो. दसरा पंधरवड्यावर आला आहे आणि ते एक काडतूस कशासाठी गेले हे मला पुरते ठाऊक आहे. सोमवारपासून मला झोप नाही.

कलम १. दुकानावरचे राहते घर माझी मुलगी वल्लरी आणि मुलगा उदयसिंह यांना निम्मे निम्मे. वल्लरी नवीन पनवेलला बँकेत नोकरी करते, तिला घराची गरज नाही, असे उदयसिंह म्हणेल. गरज आहे की नाही हे तिने ठरवावे. माझी पत्नी कै. आशालता हिचे दागिने तिने हयातीतच वाटून टाकले होते, त्यामुळे त्यावरून भांडायची सोय तिने ठेवलेली नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी वल्लरीने करावी.

कलम २. दुकानाचा परवाना माझ्याबरोबर संपेल. उरलेला माल परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावा, वह्या पोलीस ठाण्यात दाखवाव्यात. एकेक काडतूस कोणाच्या परवान्यावर गेले ते त्यात आहे. चिरनेरचा एक शेतकरी मला बाजारात भेटला की तोंड फिरवतो, कारण वर्षाचा कोटा संपल्यावर जास्तीची दोन काडतुसे मी त्याला दिली नाहीत. त्याच्या भातात डुकरे शिरली होती हे खरे. तरी दिली नाहीत. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, आणि मी त्याची क्षमाही मागणार नाही. मेहुण्यांना माझी दुर्बीण द्यावी. बारा वर्षे मागत आहेत, आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी द्यावी.

कलम ३. माझ्या नावावरची बारा बोअरची दुनळी बंदूक. ती माझ्या कोणत्याही वारसाला मिळू नये. उदयसिंहाने वारस म्हणून परवाना मागितला तर माझी हरकत आहे, हे कलम दाखवून वल्लरीने ती नोंदवावी. बंदूक कायमची सरकारजमा करावी. तोवर ती ठेवायची रीत आहे तीच राहील. नळ्या आणि दस्ता सुटे करून लोखंडी कपाटात, काडतुसे खालच्या पेटीत. कपाटाची चावी माझ्या कमरेच्या करगोट्याला असते, पेटीची घरकाम करणाऱ्या कृष्णाबाईंकडे. दोन्ही चाव्या एका माणसाजवळ असू नयेत, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. उदयसिंहाने गेल्या आठवड्यात कृष्णाबाईंना "पप्पांनी मागितलीय" असे सांगून त्यांच्याकडून चावी नेली आणि नंतर परत आणून दिली. त्यांनी मालकाच्या मुलावर विश्वास ठेवला, यात त्यांचा दोष नाही.

कलम ४. दुकानामागची खोली, मोरी व अंगणासह, श्रीमती कृष्णाबाई गणू पाटील यांना कायमची मालकी हक्काने. त्या पस्तीस वर्षे आमच्या घरी काम करत आहेत. वकिलांनी बजावले आहे की ज्याला काही मिळायचे त्याने या कागदावर साक्ष घालू नये, म्हणून त्यांना साक्षीला घेतलेले नाही. ही बक्षिसी नाही. का ते पुढे लिहितो.

कलम ५. आमच्या घराण्यात दसऱ्याला रिकामी बंदूक पुजत नसत. आजोबांची रीत होती. बंदूक पाटावर ठेवायची, उजव्या नळीत एक जिवंत काडतूस भरायचे, झेंडूची माळ घालायची, आपट्याची पाने वाहायची. रिकामी पुजली तर ऐन वेळी दगा देते, असे ते म्हणत. मात्र पूजा झाली की पाटावरून उठण्याआधी काडतूस बाहेर काढायचे. १९६१ च्या दसऱ्याला वडिलांना अर्धांग झाले होते म्हणून पहिल्यांदा मी पूजेला बसलो. आरती झाली तोच खालून गिऱ्हाइकाने हाक मारली. सणाच्या दिवशी आलेले गिऱ्हाईक सोडवेना. मी तसाच उठलो.

बंदूक रीतीप्रमाणे रात्रभर पाटावर राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातला आमचा माणूस गणू पाटील पाट उचलायला समोर उकिडवा बसला होता. त्याची बायको कृष्णाबाई सुकलेली माळ काढत होती. माळेचा दोरा चापात अडकला होता. तिने माळ ओढली. गणू जागच्या जागी गेला. त्यांचा शिवा तेव्हा अकरा महिन्यांचा होता.

पंचनाम्यात मी सांगितले की गणूने माझ्या नकळत काडतूस भरले. कृष्णाबाईंना सांगितले, "तुझा हात लागला हे मी कोणाला कळू देणार नाही. तू गप्प राहा, मी तुला सांभाळीन." त्या माझ्या पाया पडल्या. दर दसऱ्याला पडतात. पस्तीस वर्षे मी पाय मागे घेतला नाही.

काडतूस मी भरले होते. काढायला मी विसरलो. मी नीच माणूस आहे, आणि हे लिहायला मला मरण दाराशी यावे लागले. त्या वर्षापासून मी रिकामी बंदूक पुजली, पण का ते घरात कोणाला सांगितले नाही. म्हणून उदयसिंहाला वाटते की बाप भित्रा निघाला, आजोबांची रीत मोडली, आता आपण ती पुन्हा सुरू करावी. एकदा तो शिवाला म्हणाला होता, "तुझ्या बापाला बंदूक कळत नव्हती." मी तिथेच होतो. उदय, गणूला बंदूक कळत होती. कळत नव्हती ती मला.

इथवर लिहून झाले असता कृष्णाबाई आत आल्या. दसऱ्यासाठी देवाची भांडी घासायला काढली होती. पदरात काहीतरी गुंडाळून आणले होते, ते त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवले. काडतूस.

"दादासाब, देवाच्या डब्यान गावला. मीच चावी दिली उदयशेटला. माजी चूक हाय."

पंचविसावे काडतूस सापडले, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. वाटले नाही. मी मेल्यावर हा कागद उघडायचा आणि तोवर या बाईने आणखी चुका आपल्या पदरात घ्यायच्या, हे मला सहन झाले नाही. मी त्यांना डॉक्टरांच्या समोर खुर्चीवर बसायला सांगितले. त्या जमिनीवरच बसल्या. मी कलम पाच वाचून दाखवले.

त्यांनी टेबलावरचे काडतूस बोटाने बाजूला सारले. मग म्हणाल्या, "मंजे मी नाय?"

"नाही. तुम्ही नाही. मी."

"पस्तीस वरसं मी देवाला सुटी फुलां वायली. माल नाय घातली कंदी."

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

मी कलम चार वाचले, खोली त्यांची झाल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "मना खोली नको. सुकापूरला माजा शिवा हाय. ह्या कागदावर मना अंगठा द्यायचा हाय."

साक्ष घातली तर खोली जाईल, असे डॉक्टरांनी त्यांना दोनदा समजावले. दुसऱ्यांदा त्या रागावल्या. "एकदा सांगलं ना. पंचनाम्याला माजा अंगठा कोनी मागितला व्हता? आता मी देतंय."

कलम ४ खोडले आहे. खोडल्याजागी माझी सही आहे. कलम ३ मध्ये बंदूक मी मेल्यावर जमा करावी असे लिहिले, तेही बदलतो. बंदूक आणि पंचवीस काडतुसे घेऊन मी आत्ता डॉक्टरांच्या गाडीतून पोलीस ठाण्यात जात आहे. तिथे १९६१ चा खरा जबाबही देईन. त्याचे काय करायचे ते कायदा ठरवील. या कागदाची एक नक्कल शिवाला आजच द्यावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

खाली उदयसिंहाची जीप थांबली आहे. जिन्यावर त्याची पावले वाजत आहेत. कपाटाची चावी माझ्या हातात आहे.

यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र नाही. वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

कृष्णकांत विनायक टिपणीस

स्थळ: पनवेल
तारीख: ५ ऑक्टोबर १९९६

साक्षीदार:

१. डॉ. कमळाकर चौधरी, पनवेल.

२. कृष्णाबाई गणू पाटील, डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याखाली त्यांनी सांगितले ते डॉक्टरांनी तसेच लिहून घेतले: "माज्या नवऱ्यानं काडतूस भरला नव्हता."