शेअरचा दहावा तुकडा

शुक्रवार, सुरत. कामावरून आल्यावर

मोबाईलवरच्या ब्रोकरकडून आज अमेरिकेतल्या कंपनीच्या एका शेअरचा दहावा तुकडा, म्हंजे दहातला एक हिस्सा, घेतला. लगेच माझ्या नावावर आला. अन् बाबा गेल्यापासून काका सांगून राह्यला, तुमच्या वाट्याचं वावर लय लहान, एवढ्याशा तुकड्याची सातबाऱ्यावर नोंद होत नाही. काऊन होत नाही? त्याले शेअरचा फोटो पाठवला. गावाकडून, डोणगावहून, लगेच त्याचा फोन आला, "त्याच्यात काय पेरशीन बे, तूर का सोयाबीन?" मागून चुलतभाऊ हसला.

ते हसणं कानातून जात नाही. दर पगाराले एक तुकडा घेतो. वकिलाच्या फीपुरते झाले की सारे विकतो, अन् ऐन पेरणीत आमचा वाटा मोजाले काकाच्या बांधावर सरकारी मोजणीवाले उभे करतो. काकू रडंल. तिनंच मले लहानपणी जेवू घातलं. तिच्याकडं पाहायचंच नाही.